सावली नसलेलं विमान

मागच्या वेळी आपण ‘पटणं’ म्हणजे काय, हा प्रश्न अर्धवट सोडला होता. आज तो एका विमानाच्या मदतीने पुढे नेऊ.

सुरुवात माझ्या एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका शाळेत मला चित्रस्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निवृत्तीनंतर मी जुन्या विमानांची जलरंगातली चित्रं काढतो, म्हणून बोलावलं असावं. एका वारली मुलीने गेरूच्या रंगावर पांढरं विमान काढलं होतं. दोन त्रिकोण, एक लांबट अंग, खाली तारपा वाजवणारा आणि नाचणारी माणसं. मी शेरा मारला, ‘छायाप्रकाश नाही’. गुण कापले. तो शेरा मला अजून टोचतो. का, ते सांगतो.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. विमान ‘पस मॉथ’, एका इंजिनाचं. वाटेत अहमदाबाद, मग मुंबईचं जुहू. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची ही सुरुवात. आता नकाशावर अहमदाबाद आणि जुहू सरळ रेषेने जोडा. ती रेषा डहाणू तालुक्यावरून जाते. विमान नेमकं त्याच रेषेवरून गेलं, असा माझा दावा नाही. पण चित्रकाराला कल्पना करायला एवढं पुरे.

समजा, ते विमान दुपारी डहाणूवर आहे. ते पटेल असं कसं रंगवाल? ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण साठ अंशांवर असतो. विमान दक्षिणेकडे चाललंय, म्हणजे ऊन समोरून, वरून. नाक आणि पंखांची वरची बाजू उजळ. पस मॉथचा पंख केबिनच्या डोक्यावर असतो, त्यामुळे खिडक्या पंखाच्या सावलीत. पण ती सावली काळी नाही हं! खालून जमिनीचा उजेड परत येतो. पिकत आलेल्या भाताचा पिवळसर हिरवा, समुद्रावर गेलात तर निळसर. नवशिके इथेच काळा रंग घेतात आणि विमान मरतं. शिवाय सांगाड्यावर ताणलेलं कापड धातूसारखं लखलखत नाही, त्याची चमक मऊ असते.

रंगाचं आणखी अवघड. फोटो कृष्णधवल. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळपट उमटायचा आणि निळा फिकट. म्हणजे फोटोतल्या गडद पट्ट्यावरून लाल की काळा, हे ठरवता येत नाही. पुरावा समोर असतो, आणि तरी तो फसवतो.

हे सगळं खरं आहे. पण मंडळी, हे कोणाला दिसतं? शेजारून उडणाऱ्या दुसऱ्या वैमानिकाला. शेतात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं? झगझगीत आभाळावर एक सपाट आकृती. पोटावरचा छायाप्रकाश त्या झगमगाटात हरवतो. जमिनीवरची सावलीही, विमान पुरेसं उंच असेल तर, पुसट होत नाहीशी होते, कारण सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. म्हणजे त्या मुलीने जमिनीवरून दिसणारं विमान काढलं होतं. मी वैमानिकाच्या जागेवरून गुण दिले.

आता जिव्या सोमा म्हसे यांच्याकडे या. जन्म १९३४, तलासरी तालुक्यातलं धामणगाव. पुढे डहाणूतल्या गंजाडचा कलंबीपाडा. वारली चित्र हे मूळचं सवासिनींचं काम. लग्नाचा चौक, पालघट देवी, तांदळाच्या पिठाचा पांढरा, कुडाची भिंत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इथे आले, कागद दिले, आणि जिव्यांची चित्रं जगापुढे गेली. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ला पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ला पद्मश्री. त्या चित्रांत सावली नाही, पण मासेमारीच्या जाळ्याची वीण बघा. हजारो बारीक रेघा, आणि सगळं जाळं हलतंय. तिथे पटवणारी गोष्ट गती आहे, उजेड नाही.

१८५७ला मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि छायाप्रकाश ही आपल्याकडे शिकण्याची, परीक्षेची गोष्ट झाली. त्यातून आपल्याला थोर चित्रकार मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका पद्धतीची कसोटी आपण चित्राचीच कसोटी मानली. उलट टोकही टाळा. ‘आदिवासींना सावली नकोच असते’ असं म्हणणं हाही अन्यायच. त्या मुलीला हवं तर उद्या ती जलरंगात पस मॉथ काढेल. निवड तिची.

मी नंतर त्या शाळेत गेलो होतो. ती मुलगी शाळा सोडून गेली होती. चित्रही कुठे ठेवलं होतं, कोणाला आठवेना. शेरा मात्र वहीत होता, माझ्या सहीसकट.

तुमच्यापैकी जे परीक्षक होतात, शिक्षक आहात, त्यांनी गुण देण्याआधी एवढंच विचारा, चित्र काढणारा कुठे उभा होता? पुढच्या वेळी प्रश्नोत्तरं घेऊ.