काचेच्या पेटीतला संसार



उजनीच्या जलाशयाकाठी राहणाऱ्या माणसाला चिलापी मासा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मूळचा आफ्रिकेतला हा मासा स्वस्त अन्न म्हणून १९५२ साली भारतात आणला गेला आणि मग असा काही फोफावला की, पुष्कळ तळ्यांतून देशी माशांना जागा उरली नाही. या फोफावण्याचे एक मोठे कारण म्हणजे चिलापीची आई. सामान्यतः मासे अंडी टाकतात नि आपल्या वाटेने निघून जातात. चिलापीची मादी मात्र अंडी तोंडात धरून ठेवते, आणि पिल्ले बाहेर पडल्यावरही काही दिवस, भय दिसले की ती धावत आईच्या तोंडात शिरतात. कोंबडी पंखाखाली घेते ना, तसेच हे.

चिलापीच्या कुळाला शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. अंड्यापिल्लांची राखण हा या कुळाचा विशेष. कोणी तोंडात, कोणी दगडावर, कोणी वाळूत खड्डा करून, पण राखण करायचीच. या कुळातले मोठमोठे मासे घरातल्या काचेच्या टाकीत पाळून त्यांची वीण घेण्याचा छंद जगभर पसरला आहे. छंद म्हटले की आपण त्याला रिकामपणाचा उद्योग समजतो. मी इतिहासाचा अध्यापक. मला मात्र त्यात एक चांगला गुंतागुंतीचा इतिहास दिसतो, आणि आज तोच सांगणार आहे.

काचेच्या भांड्यात मासा ठेवणे जुनेच. पण तो जगत नसे. पाणी रोज बदलावे लागे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने यावर प्रयोग केला आणि १८५० साली तो तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. पाण्यात दोन लहान सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देई. पण तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी पुन्हा निवळले आणि मासे जगले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांतून काचेच्या टाक्यांचे वेडच पसरले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

आता खरी गंमत पुढे आहे. या वॉरिंग्टनच्या मुलाचे नावही रॉबर्टच. तो शेतकी रसायनशास्त्रज्ञ झाला. इंग्लंडातल्या रॉदमस्टेड येथील प्रसिद्ध शेतकी प्रयोगक्षेत्रावर त्याने जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते याचा अभ्यास केला. हे काम सूक्ष्म जंतू करतात आणि ते दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा एका जातीच्या जंतूंचा, दुसरा दुसऱ्या जातीचा, हे त्याने दाखवले. शेतात शेणखत घातले की ते पिकाला लागू पडते, त्यामागे हेच जंतू आहेत. बापाने माशाची टाकी जुळवली, मुलाने शेतातली माती तपासली. दोघांच्या कामाचा एकमेकांशी काय संबंध, असे त्या काळी कोणीही विचारले असते. तो संबंध मोठे सिक्लिड मासे टाकीत आल्यावर कळतो.

ऑस्कर हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. अमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. अंगाने जाड, रंगाने काळपट, त्यावर नारिंगी छटा, नि शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका. चांगला वाढला तर हातभर लांबीच्या आसपास जातो. त्याला पहिले शास्त्रीय नाव लुई अगासीने १८३१ साली दिले, तेही दुसऱ्यांनी ब्राझीलहून आणलेल्या मेलेल्या माशांवरून. आणि तो त्याला समुद्रातला मासा समजला! पुढे अगासी स्वतः १८६५ साली अमेझॉनवर गेला, तेव्हा पिल्ले तोंडात बाळगणारे या कुळातले मासे त्याने डोळ्यांनी पाहिले. बरणीतल्या माशावरून संसार कळत नाही, तो वाहत्या पाण्यातच कळतो.

हा ऑस्कर टाकीत आला आणि थोरल्या वॉरिंग्टनचा सगळा मेळ मोडला. वनस्पती लावली की तो ती उपटतो, गोगलगाय सोडली की गिळतो. खातो भरपूर, घाणही तितकीच करतो. त्या घाणीतून अमोनिया सुटतो आणि तो माशाला विषासारखा. इथे धाकट्या वॉरिंग्टनचे जंतू उपयोगी पडतात. टाकीतले पाणी यंत्राने गाळणीतून सतत फिरवायचे. गाळणीतल्या खड्यांवर, स्पंजावर ते जंतू वाढतात आणि अमोनियाचे नायट्रेट करतात. उरलेल्या नायट्रेटसाठी दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की झाले. नव्या टाकीत हे जंतू जमायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून जाणता माणूस नव्या टाकीत लगेच मोठा मासा सोडत नाही. बदललेले पाणी फुलझाडांना घालावे, झाडे तरारतात. शिक्षक मंडळींनी शाळेत हा प्रयोग लहानशा टाकीत जरूर दाखवावा. त्यासाठी ऑस्कर नको. त्याच्या जोडीला तीनशे-चारशे लिटरांची टाकी लागते.

पण पाणी साधले म्हणजे वीण साधली असे नाही. ऑस्करमध्ये नर कोणता, मादी कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. समजा, कोणी दोन मोठे मासे आणून एकत्र सोडले आणि ते नर-मादीच निघाले, तरी त्यांचे जमेल याची खात्री नाही. न जमले तर जोराचा मासा दुसऱ्याला एका कोपऱ्यात दाबून मारतो. नदीत हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळणार कुठे? म्हणून या छंदातल्या लोकांनी अनुभवाने एक रीत बसवली. पाच-सहा पिल्ले आणायची, एकत्र वाढवायची आणि वाट पाहायची. वर्ष-सव्वा वर्षाने त्यांतले दोन आपण होऊन जोडीने हिंडू लागतात, तोंडात तोंड धरून ओढाओढ करतात, इतरांना हाकलतात. तेव्हा बाकीचे मासे काढून घ्यायचे. आपण लावलेले लग्न इथे चालत नाही. त्यांचे त्यांनीच ठरवावे लागते. मग ती जोडी एखादा सपाट दगड निवडून तोंडाने घासून स्वच्छ करते. त्यावर मादी हजार ते तीन हजार अंडी घालते आणि दोघे मिळून राखण बसतात. अशा वेळी मालकाने हात घातला, तर त्यालाही चावा बसतो.

या छंदाची एक काळी बाजूही आहे. मासा फार मोठा झाला, की काही लोक तो जवळच्या ओढ्यात, तळ्यात सोडून देतात. त्यांना वाटते आपण पुण्य केले. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांतून आज ऑस्करची वस्ती आहे, ती माणसाने सोडलेल्या माशांचीच. चिलापीने आपल्याला जे शिकवले, ते तिथे निराळ्या माशाने शिकवले.

आता थोडे आपल्या घरच्या सिक्लिडाकडे वळू. कोकण-गोव्याच्या खाड्यांतून मिळणारा काळुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात, तो याच कुळातला, आणि तो अस्सल इथला. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या वैद्याने १७९० साली त्याला नाव दिले, त्यात सुरतेचे नाव गुंफले आहे. या काळुंदराचे जवळचे नातलग मात्र भारतात फारसे नाहीत. ते आहेत समुद्रापलीकडे, मादागास्कर बेटावर. भारत आणि मादागास्कर एके काळी जोडलेले होते, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी ते अलग झाले, त्या वेळची ही ताटातूट, असे काही शास्त्रज्ञ सांगतात. इतकी जुनी हाडे या कुळाची सापडत नाहीत म्हणून दुसरे काही ते मानत नाहीत. वाद चालू आहे.

त्याच मादागास्करात मंगरहारा नावाची नदी आहे. तिच्यात एक सिक्लिड राही. त्याची शास्त्रीय ओळख २००६ साली झाली. पण नदीवर बांध पडले, पाणी आटले आणि मासा दिसेनासा झाला. २०१३ सालच्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगाला एक आवाहन केले. या जातीचे तीनच मासे ठाऊक होते: दोन लंडनला, एक बर्लिनला, आणि तिन्ही नर. बर्लिनला पूर्वी एक मादी होती. तिची वीण घेण्याचा प्रयत्न झाला आणि नराने तिला मारून टाकले. हा स्वभाव घरोघरच्या मत्स्यपाळांच्या चांगल्या परिचयाचा होता. पण त्यांच्याकडे पिल्ले पाच-सहा असत, इथे मादी एकच होती. म्हणून आवाहन मोठ्या संस्थांपुरते ठेवले नव्हते. कोणाच्या घरच्या टाकीत या जातीची मादी असेल तर कळवा, असे खाजगी मत्स्यपाळांनाही विनवले होते.

मादी कोणाच्या दिवाणखान्यात सापडली नाही. पण आवाहन मादागास्करपर्यंत पोचले आणि तिथल्या एका व्यावसायिकाने हा मासा ओळखला. त्याच वर्षाच्या अखेरीस तज्ज्ञांची तुकडी तिकडे गेली, त्या गावांतून फिरली, आटलेल्या नदीचे डबके डबके पाहत हिंडली. मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या एका ओढ्यात, थोड्याशा पाण्यात, ते मासे शेवटी मिळाले. त्यांतले अठरा पकडून त्याच देशातल्या एका मत्स्यशेतीच्या तळ्यांवर नेले. त्यांत माद्याही होत्या.