दुसरा कोणी आहे का?

तारीख ११ मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या सगळ्यांचे टायर याच गावात बनतात आणि रबराचा वास तुमच्या कोटालाही चिकटलाय. दिवस महामंदीचे. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तुम्ही उभे आहात. एका टोकाला बार आहे. दारूबंदी उठून दीड वर्ष झालं, त्यामुळे आतल्या हसण्या-खिदळण्याला कुणाची चोरी नाही.

समोर एक उंच, किडकिडीत माणूस येरझाऱ्या घालतोय. बिल विल्सन, न्यूयॉर्कचा शेअर दलाल, वय ३९. एका कंपनीचा ताबा मिळवायला आला होता, डाव फसला. खिशात दहाएक डॉलर उरलेत. डिसेंबरपासून त्याने दारूला हात लावलेला नाही. पण त्याच्या डोळ्यांत आत्ता काय चाललंय ते तुम्हाला कुणी सांगायला नको. शनिवार, परकं गाव, एकच पेग, कुणाला कळणार आहे?

तो बारकडे बघतो आणि उलटा वळतो. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आहे, शेजारी गावातल्या चर्चची यादी. तो एका पाद्र्याला फोन लावतो. नीट ऐका, ‘मला वाचवा’ असं तो म्हणत नाही. त्याला गावातला एखादा पिणारा हवाय, बोलायला. न्यूयॉर्कमध्ये पाच महिने त्याने दिसेल त्या दारुड्याला उपदेश पाजला. सुधारला एकही नाही. पण त्या धडपडीत तो स्वतः मात्र कोरडा राहिला.

पाद्री काही नावं देतो. फोनामागून फोन होतात आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग भेटतात, गुडइयरच्या संस्थापकाची सून. त्यांच्या ओळखीत असा एक डॉक्टर आहे. पण आज तो येऊ शकत नाही. मदर्स डेसाठी त्याने बायकोला फुलझाडाची कुंडी आणली. कुंडी टेबलावर आहे आणि डॉक्टर टेबलाखाली!

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सायबरलिंगांच्या बंगल्याच्या फाटकाजवळच्या घरात तो येतो. डॉ. बॉब स्मिथ, सर्जन, वय ५५. हात थरथरतायत, जेवणाकडे बघवत नाही. पंधरा मिनिटांत निघायचं, असं तो बायकोला बजावून आलाय. खोलीत दोघेच बसतात. बिल या वेळी उपदेश करत नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थांनी तसं बजावलंय. तो फक्त स्वतःचं सांगतो: घेतलेल्या शपथा, मोडलेल्या शपथा, लपवलेल्या बाटल्या. बॉबला समजावणारे आजवर पुष्कळ भेटले. स्वतः त्यातून गेलेला माणूस पहिल्यांदाच भेटतोय. दार उघडतं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

बॉब पुढे एकदा घसरतो. १० जूनला त्याला शस्त्रक्रिया करायची असते. हात स्थिर राहावेत म्हणून बिलच त्याला एक बिअर देतो. ती त्याची शेवटची. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना आपला जन्मदिवस हाच मानते.

आता दोन वर्षं पुढे या, १९३७ मध्ये. या वेळी तुम्ही नुसते बघे नाही, दारू सोडायला आलेले तुम्हीच आहात. आधी काही दिवस हॉस्पिटल, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. खाटेशेजारी रोज कुणीतरी येऊन बसतं, आपली कहाणी सांगतं आणि जातं. मग बुधवारी रात्री तुम्हाला टी. हेन्री आणि क्लॅरेस विल्यम्स यांच्या घरी आणलं जातं. नवरा-बायको दोघंही न पिणारी, पण दिवाणखाना दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी मोकळा. प्रार्थना होते, बायबलमधलं थोडं वाचन होतं. दारूतून बाहेर पडायच्या, पुढे या संघटनेची ओळख ठरलेल्या बारा पायऱ्या अजून कुणी कागदावर उतरवलेल्या नाहीत. ॲक्रन आणि न्यूयॉर्क मिळून दारू सुटलेले लोक वर्षअखेर मोजले जातील तेव्हा भरतील चाळीसेक.

तुम्ही कानउघाडणीची वाट बघत बसलाय. ती होतच नाही. शेजारचा माणूस तुम्हाला कॉफी देतो, पण अर्धाच कप. पूर्ण भरला तर बशीत सांडेल हे त्याला ठाऊक आहे.

‘‘उद्या हॉस्पिटलात एक नवा दाखल होतोय,’’ तो म्हणतो. ‘‘येतोस का भेटायला?’’

‘‘मी? मीच अजून धड सावरलो नाही.’’

‘‘म्हणूनच. माझं पिणं त्याला जुनी गोष्ट वाटेल. तुझे हात त्याला दिसतील.’’

आज मुंबई-पुण्यातही अशा बैठका भरतात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात, मराठीतूनही. फी नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. दाराशी पाय अडखळतो तो बहुधा संकोचाने: आपल्यापायी लोकांना कशाला त्रास? मेफ्लॉवरमधला तो फोन आठवा. आत बसलेल्या जुन्यांनाही कुणीतरी नवा यायला हवाच आहे. तुम्ही गेलात, तर त्यांचाही आजचा दिवस निभेल.