शहापूर-मुरबाड भागातील व्यक्तिगत गुप्ततेची साधने : एक ऐतिहासिक विवेचन

व्यक्तीचा खाजगी व्यवहार परक्याच्या नजरेपासून राखणे हा प्रश्न आंतरजालाच्या आगमनाने निर्माण झाला, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला असता तो टिकत नाही. आपला निरोप, आपला पैसा, आपले नाव व आपला अंगठा कोणाच्या हाती द्यावा, हा विचार येथील शेतकरी व आदिवासी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. साधने बदलली, परंतु कोणतेही साधन निवडताना 'ते किती मजबूत आहे' यापेक्षा 'ते किती हातांतून जाते आणि त्याची नोंद कोणापाशी राहते' हीच कसोटी येथे निर्णायक ठरत आली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते व तीत गुरांचा मोठा बाजार असतो. महाराष्ट्रातील बैलबाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटे धरून भाव ठरविण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. भोवती शंभर माणसे उभी असली तरी आकडा दोन हातांपलीकडे जात नाही, आणि व्यवहार आटोपल्यावर त्याचा लेखही मागे राहत नाही. गुप्ततेचे याहून स्वस्त साधन सापडणे कठीण. तथापि त्यातही दलालाचा हात असतोच, आणि दलालास सर्वांचे भाव ठाऊक असतात, ही गोष्ट विसरून चालत नाही.

सावकारी व्यवहारात स्थिती नेमकी उलट होती. सन १९३६ च्या आदेशान्वये ठाणे जिल्ह्यातील ज्या भागांस 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरविण्यात आले, त्यांत शहापूर तालुक्याचा समावेश होता. त्यानंतर थोड्याच काळात सिमिंग्टन यांनी मुंबई प्रांतातील आदिवासींविषयी सरकारास अहवाल सादर केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी मालकाच्या घरी राबणारा 'लग्नगडी' त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात परिचित होता. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कर्जदाराचा सारा हिशेब सावकाराच्या वहीत असे, आणि ज्याच्याविषयी ती नोंद होती त्यास ती वाचता येत नसे. आपली माहिती दुसऱ्यास कळणे हा गुप्ततेचा एक भंग. दुसऱ्याने आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे आपणांस न कळणे हा दुसरा, व बहुधा अधिक घातक. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. आपल्याविषयी साठविलेली माहिती मागण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र 'डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३' या कायद्याने प्रथम मान्य केला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याच्या अटीवर प्रसिद्ध झाले.

राजकीय गुप्ततेची कसोटी १९४२ च्या लढ्यात लागली. तारेसंबंधीचा १८८५ चा व टपालासंबंधीचा १८९८ चा कायदा या दोहोंन्वये सरकारास संदेश अडविण्याचा अधिकार होता. सबब भूमिगत कार्यकर्त्यास पत्रपेटीवर विसंबणे शक्य नव्हते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांच्या 'आझाद दस्त्या'ने कर्जत-मुरबाडच्या डोंगरांचा आश्रय घेऊन विजेचे मनोरे पाडले. त्याच सुमारास मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता व त्यांचे सहकारी काँग्रेसचे गुप्त नभोवाणी केंद्र जागा बदलत चालवीत होते. १२ नोव्हेंबर रोजी ते पकडले गेले ते फितलेल्या तंत्रज्ञाने दिलेल्या माहितीमुळे. सिद्धगडाच्या रानातील तळाचा ठावठिकाणाही अखेर पोलिसांस लागलाच आणि २ जानेवारी १९४३ रोजी तेथे भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी देह ठेवला. (१८९८ चा टपाल कायदा आता गेला, त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यात टपाल अडविण्याचा अधिकार शिल्लक आहे.)

भूमिअभिलेखांचा विचार वेगळ्या दृष्टीने करावा लागतो. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. सात-बाराचा उतारा खाजगी कागद कधीच नव्हता. परंतु तो पाहण्यास तलाठ्यापर्यंत जावे लागे, आणि कोण कोणाचा उतारा मागतो हे गावास कळे. आता तो आंतरजालावर कोणासही दिसतो; इतर हक्कांच्या रकान्यातील कर्जाच्या बोजासह दिसतो. पाहणारा मात्र अदृश्य झाला. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेल्यामुळे जेथे जमिनीकडे शहरातील गुंतवणूकदारांचे लक्ष वळले, तेथे या बदलाचे महत्त्व सांगावयास नको.

यानंतर धसईचे प्रकरण येते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर रोजी, मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. बँक ऑफ बडोदा व स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक यांच्या पुढाकाराने दुकानदारांस कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. पुढे गाव बऱ्याच अंशी रोकडीकडे परतले. वृत्तपत्रांनी त्याची कारणे वीज, जोडणी व सवय यांत शोधली, आणि ती खरीही असतील. परंतु रोकड हे गुप्ततेचे साधन आहे, ही गोष्ट त्या चर्चेत जवळजवळ कोणी मांडली नाही. वाण्याच्या उधारीच्या वहीतील नोंद गावात फुटे, पण गावाबाहेर जात नसे. कार्डाची नोंद गावात फुटत नाही, पण बँकेपर्यंत जाते व तेथे टिकते. घरातही फरक पडतो. बाईने डाळीच्या डब्यात ठेवलेल्या पैशाचा पत्ता तिच्यावाचून कोणास नसे. नोटाबंदीने तो डबा उघडावयास लावला. खात्यातील पैशाचा प्रत्येक संदेश ज्याच्या मोबाइलवर येतो तो घरातील पुरुष असेल, तर तिची औषधाची खरेदीही त्यास कळते. रोकडीस मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आधार योजनेचा आरंभ महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. खतावर उठविलेला अंगठा एका कागदापुरता असे. यंत्रावर ठेवलेला अंगठा शिधावाटप, बँक व ओळख या तिन्हींची किल्ली झाला. किल्ली हरवली तर बदलता येते. अंगठा बदलता येत नाही. तेलंगणात २०१८ साली नोंदणी खात्याच्या दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे तयार करून सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले, तेव्हा खत व यंत्र यांचा हा संबंध केवळ तर्काचा राहिला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. जानेवारी २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सोळा अंकी आभासी क्रमांक जाहीर केला. त्याखेरीज पहिले आठ अंक झाकलेली आधारप्रत व बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय हीही साधने उपलब्ध आहेत. त्यांविषयी लोकशिक्षण किती झाले, याचा अंदाज एका घटनेवरून येतो : आधारची झेरॉक्स कोठेही देऊ नये, झाकलेली प्रत द्यावी, असे पत्रक मे २०२२ मध्ये निघाले आणि दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. गैरसमज होईल, असे कारण देण्यात आले!

संदेशवहनाच्या साधनांतही हीच विचारसरणी उपयोगी पडते. व्हॉट्सअॅपवरील मजकूर २०१६ पासून दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. परंतु कोणी कोणाशी व केव्हा संपर्क साधला, ही माहिती कंपनीस मिळते. जानेवारी २०२१ मध्ये तिने आपल्या अटी बदलल्या तेव्हा अनेकांनी सिग्नलचा आश्रय केला. ते ना-नफा संस्थेचे असून खाते उघडल्याची वेळ व शेवटच्या जोडणीची तारीख एवढीच नोंद ठेवते. कसोटीस ते निश्चित अधिक उतरते. पण ज्या गावात पाण्याच्या टँकरपासून शाळेच्या सुट्टीपर्यंतची खबर व्हॉट्सअॅपच्या गटावर येते, तेथे एकट्याने साधन बदलणे म्हणजे चावडी सोडून रानात जाऊन बसणे होय. म्हणून येथे दोन्ही ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो : सार्वजनिक खबरांसाठी एक, पैसा, आजार व कोर्टकचेरी यांसाठी दुसरे.

आता एक अडचण सांगावयाची राहिली, आणि या दोन तालुक्यांपुरती तीच सर्वांत मोठी आहे. ठसे कुलूपबंद करण्यासाठी, आभासी क्रमांक घेण्यासाठी, फार काय, झाकलेली आधारप्रत उतरवून घेण्यासाठीही आधारशी जोडलेल्या मोबाइलवर संकेतांक यावा लागतो. भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर दरसाल हंगामापुरते जाणाऱ्या कातकरी कुटुंबात मोबाइल असलाच तर सर्वांत मिळून एक असतो. ज्याने सेवा केंद्रातील चालकाचा अथवा मुकादमाचा क्रमांक जोडून घेतला, त्याच्या अंगठ्याच्या कुलपाची किल्ली त्याच चालकाच्या वा मुकादमाच्या खिशात असते. क्रमांक बदलून घेण्यास पूर्वी नोंदणी केंद्रात स्वतः जावे लागे. बहुतेक भट्ट्यांवरून त्या दिवसाची मजुरी बुडविल्यावाचून ते जमत नसे.