पौषातील ऊब

पौष हा मराठी पंचांगातला फारसा मानाचा महिना नव्हे. या महिन्यात लग्ने लागत नाहीत, सोयरिकीची बोलणी लांबणीवर पडतात, नव्या घरात पाऊल टाकले जात नाही; 'भाकड महिना' असे त्याला नावच पडून गेले आहे. परंतु ज्या महिन्याने घराबाहेरची मंगल कार्ये अडवून धरली, त्यानेच घरातल्या माणसाच्या अंगाची आणि जिभेची जेवढी काळजी वाहिली, तेवढी दिवाळीचे चार दिवस सोडले तर वर्षात क्वचितच वाहिली जाते. ऊन पाण्याचे न्हाण, टाळूवर थापलेले तेल, तव्यावर तडतडणारा तीळ, पाठीवर घेतलेले कोवळे ऊन या गोष्टी इतक्या लहान आहेत की इतिहासाच्या ग्रंथांत त्यांना जागा मिळत नाही. आणि तरीही एखादा समाज घर सोडून दूर गेला म्हणजे तो बरोबर काय नेतो आणि काय वाटेत टाकतो, हे या लहान गोष्टींवरूनच चांगले कळते.

नागपूरच्या पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटरांवरचे रायपूर हे याचे एक उदाहरण होय. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपुरावर स्वारी केली, आणि पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते वारले. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. त्यांच्या मागोमाग मराठी कारकून, पुराणिक, शिलेदार आले, दप्तरात मोडी आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. मोडी गेली. पुढे मध्यप्रांताच्या नोकऱ्यांसाठी मास्तर, वकील, रेल्वेचे बाबू अशी नवी मराठी माणसे आली, आणि तीही हळूहळू हिंदीत बोलू व लिहू लागली. १९०० साली पेंड्रा येथून निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकामागे माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे ही दोन मराठी माणसे होती. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात आणि रायपूर मध्यप्रदेशात गेले; २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. एवढ्या उलथापालथीत कचेरीतली मराठी टिकणे शक्यच नव्हते. संक्रांतीचे न्हाण मात्र टिकले.

ते टिकले याचे एक कारण असे, की या न्हाणामागे फार जुना आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा जो अध्याय आहे, त्यात हेमंताचे वर्णन मोठे मार्मिक आहे. बाहेरच्या थंडीमुळे शरीरातला अग्नी आत कोंडला जातो आणि प्रबळ होतो. त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातला रसच जाळू लागतो, असा त्यातला विचार आहे. म्हणून अंगाला तेल, उटणे, मस्तकावर तेल, उन्हाचा शेक, घराच्या आतली उबदार खोली, आणि आहारात दूध, उसाचे पदार्थ, स्निग्ध जिन्नस, नव्या तांदळाचा भात व ऊन पाणी. यात कोठेही सुखाबद्दल लाजेचा स्वर नाही. थंडीत अंग सुखावणे हे वैद्याच्या लेखी कर्तव्य आहे.

धर्मशास्त्रकारांनी हेच वेगळ्या भाषेत सांगितले. तिळाचे सहा उपयोग त्यांनी मोजले: तिळाच्या पाण्याचे स्नान, तिळाचे उटणे, तिळाचा होम, तिळाचे तर्पण, तिळाचे भक्षण आणि तिळाचे दान. सहांपैकी तीन तर सरळसरळ स्वतःच्या देहासाठी आहेत, आणि ते देवापितरांच्या उपयोगांशी एकाच पंगतीत बसविले आहेत. मराठी मध्यमवर्गाचा स्वभाव मूळचा काटकसरीचा. आरामाला तो 'चैन' म्हणतो आणि चैनीला दोष देतो. अशा माणसाला सकाळचा तासभर तेल जिरवीत उन्हात बसावयाचे तर कोणाची तरी आज्ञा हवी. ती आज्ञा पंचांगाने दिली. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण त्याच आज्ञेचा घरगुती अवतार आहे.

खरे पाहता उत्तरायण आकाशात सुरू होते ते २१-२२ डिसेंबरलाच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत त्याच सुमारास येत असे. संपातचलनामुळे ती पुढे पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्या दिवशी झाला. आता संक्रांत १४ किंवा १५ तारखेस येते. (हेच विवेकानंद १८७७ मध्ये नरेंद्र या नावाने वडिलांबरोबर रायपुरास राहावयास आले होते.) सूर्य केव्हाच वळलेला असतो, तीळगूळ तीन आठवडे मागून येतो. पण थंडी काही त्या दिवशी संपत नाही, त्यामुळे तिळाचे बिघडत नाही.

छत्तीसगड हा भाताचा मुलूख. भोगीला बाजरीची तिळाची भाकरी हवी हा देशावरचा नियम येथे अडचणीत येतो. बाजरी बाजारातून आणावी लागते. उलट हरभऱ्याचा कोवळा पाला आणि तिवऱ्याची, म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची भाजी येथे हिवाळ्यात मुबलक. गूळ-तांदळाचा येथला अइरसा हा आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ शोभावा. पौषी पौर्णिमेला छेरछेरा येतो. मुले दारोदार फिरून नवे धान मागतात आणि कोणी त्यांना रिकामे पाठवीत नाही. त्याच दिवसांत मराठी घरांत बोरन्हाण असते, आणि बोरे-चुरमुऱ्यांवर झडप घालण्यासाठी शेजारची तीच मुले हजर होतात. मातीची गोरसी तर दोन्ही समाजांची. निखाऱ्यावर शेणी, वर भाताचे तूस. ते भडकत नाही, रात्रभर नुसते धुमसत राहते. बाळ-बाळंतिणीचा शेक याच गोरसीवर झाला. दारे बंद करून तिच्याजवळ झोपणे मात्र जिवावर बेतते, आणि जुन्या काळीही बेतलेच असेल.

या उबेची एक काळी बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास खरा ठरणार नाही. घरातल्या सर्वांच्या अंगाला तेल लावणारी, पहाटे पाणी तापविणारी, तीळ निवडून हलव्याला काटा येईपर्यंत परातीजवळ बसणारी ती घरची बाई. तिच्या पाठीला तेल कोणी लावावयाचे हे पंचांगात लिहिलेले नाही. तिच्या वाट्याला हळदीकुंकवाची एक दुपार आली: अत्तराचा हात, काळी चंद्रकळा, चार घटका बसून बोलणे. आणि विधवेच्या वाट्याला तीही नाही. विड्याबरोबर अभ्यंगही विधवेला निषिद्ध होता. ज्यांनी हा निषेध लिहिला, त्यांना तेलाचे न्हाण म्हणजे केवढे सुख असते याची पुरती जाणीव होती. नाहीतर ते काढून घेण्याचे कारणच काय होते? अलीकडे कित्येक ठिकाणी हळदीकुंकवाला सर्व स्त्रियांना बोलावितात. ही रीत रूढ व्हावयास फार उशीर झाला आहे.

रायपूरच्या समता कॉलोनीला लागून चौबे कॉलोनी आहे. तेथे १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. या वस्त्यांत मारवाडी, छत्तीसगडी, मराठी अशी सारी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३ अंशांच्या आसपास येतो. मे महिन्यात ४२ अंश सोसणाऱ्या गावाला एवढी थंडी पुष्कळ होते. अंगणे राहिली नाहीत, म्हणून ऊन गच्चीवर जाऊन घ्यावे लागते. सुगडांत ऊस, बोरे, हरभरा आणि गाजर तेवढेच असते. नातवंडे 'तीळगूळ घ्या' एवढे वाक्य मराठीत म्हणतात आणि पुढचे बोलणे हिंदीत करतात. आजीला ते चालते. रथसप्तमीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर दुधाचे बोळके ठेवतात, ते पूर्वेकडे उतू जाईपर्यंत कोणी हलत नाही, आणि मग दुपारी रजया उन्हात टाकतात.