कारकीर्द आणि मुत्सद्दी

भोसरीच्या एमआयडीसीत ‘कारखाना’ पाटीवर असतो, तोंडात ‘कंपनी’च. निवृत्त होणारा टर्नर “तीस वर्षं सर्व्हिस झाली” असं सांगतो. ‘कारकीर्द’ आपण मंत्र्यासंत्र्यांसाठी राखून ठेवली आहे. वास्तविक कारखाना, कारकून आणि कारकीर्द या तिन्हींत एकच फारसी ‘कार’ आहे, म्हणजे काम. ‘कीर्द’ म्हणजे केलेलं. पतसंस्थेत रोजच्या जमाखर्चाच्या वहीला आजही कीर्द म्हणतात. जुनं नाव रोजकीर्द. संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय ती मिटत नाही. राजाच्या अमदानीसाठी रुळलेला हा शब्द सिंहासनापेक्षा या वहीच्या जवळचा आहे.

‘मुत्सद्दी’चंही तेच. मूळ अरबी ‘मुतसद्दी’: काम अंगावर घेऊन त्याच्या मागे लागलेला माणूस. (आपली ‘तसदी’ त्याची बहीण वाटते, पण तिचं मूळ निराळं, डोकेदुखीच्या अर्थाचं.) मोगली अमलात हिशेब आणि कारभार पाहणारा तो मुतसद्दी, सुरत बंदराचा मुख्य अधिकारीही याच नावाचा. हिंदीत हा शब्द मुनीम-कारकुनापाशी राहिला, मराठीत मात्र थेट राज्य चालवणाऱ्यापर्यंत चढला. पेशवाईकडे पाहिलं की कारण कळतं. तिथला सर्वांत नावाजलेला मुत्सद्दी नाना फडणवीस, आणि फडणवीस म्हणजे फर्दनवीस, हिशेबाच्या फर्दा लिहिणारा! साडेतीन शहाण्यांत नाना अर्धा मोजला गेला, कारण तलवार त्याची नव्हती. पण 1800 साली मरेपर्यंत दौलतीचा कागद त्याच्या नजरेखालून जात होता.

म्हणूनच एखादा डाव साधणाऱ्याला वर्तमानपत्रं मुत्सद्दी म्हणतात, ते मला पटत नाही. या शब्दात चिकाटी आहे, वर्षानुवर्षं दप्तर सांभाळणं आहे. सोव्हिएत रशियाचे आंद्रेई ग्रोमिको या अर्थानं अस्सल मुत्सद्दी. 1939 मध्ये परराष्ट्र खात्यात आले, 1943 मध्ये वॉशिंग्टनला राजदूत झाले आणि 1957 ते 1985 अशी सलग 28 वर्षं परराष्ट्रमंत्री राहिले. ख्रुश्चेव्ह गेले, ब्रेझनेव्ह गेले, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्कोही गेले. वाटाघाटींच्या टेबलावर ग्रोमिको तसेच. 9 ऑगस्ट 1971 रोजी दिल्लीत भारत-सोव्हिएत करारावर भारताचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्यासोबत सही केली, तीही त्यांनीच.

आपल्याकडे हा शब्द शोभला यशवंतराव चव्हाणांना. ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री असताना, 1 ऑगस्ट 1962 ला, एमआयडीसी स्थापन झाली. भोसरीतले कारखान्यांचे भूखंड तिच्यामुळेच आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनशी युद्ध चालू असताना ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1964 मध्ये शस्त्रांच्या वाटाघाटींसाठी मॉस्कोला. पुढे गृह, अर्थ, आणि 1974 ते 1977 परराष्ट्र. त्या काळात मॉस्कोत त्यांच्या समोरच्या खुर्चीत ग्रोमिको होते.