वाऱ्याचा हिशेब

माझ्या लहानपणी परंड्याला सुगी झाली की खळ्यावर ज्वारीची उफणणी चाले. अब्बा भरलेली पाटी घेऊन तिवईवर उभे राहत. वारा पडला, की पाटी तशीच धरून वाट पाहत. "येईल आता," म्हणत. कधी तो यायचा, कधी दिवस मावळून जायचा.

हवा आणि मोसम हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतून आले. मोसम म्हणजे ठरलेला काळ. त्या काळाच्या भरवशावर खलाशी अरबी समुद्रात गलबतं हाकत. तेव्हा वाऱ्याचा अंदाज बांधणं जुनंच आहे; त्याचा आकड्यांतला हिशेब अलीकडचा.

आपल्या देशात हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती त्याचे प्रमुख झाले. पावसाचं भाकीत करण्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि भारतीय कारकुनांकडून हातानं आकडेमोड करवून त्यांतले संबंध शोधले. पुढे १९३१ साली, मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढण्याची रीत त्यांनी मांडली. यूल या संशोधकानं ती वाट १९२७ मध्येच दाखवली होती. दोघांच्या नावाची समीकरणं वाऱ्याच्या अंदाजात आजही उपयोगी पडतात.

पण रीत असून भागत नाही, नोंदी लागतात. पुण्याच्या हवामान कार्यालयात उपकरणांचं काम उभारणाऱ्या अ‍ॅना मणी यांनी निवृत्तीनंतर देशभरच्या वाऱ्याच्या नोंदी तपासल्या. १९८३ मध्ये त्यांचा पवनऊर्जेवरचा माहितीग्रंथ निघाला. वारा कुठे भरवशाचा, हे त्यातून कळू लागलं.

आज आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के वाढला, तर ताकद ३३ टक्के. म्हणून अंदाजातली लहान चूक विजेच्या हिशेबात मोठी होते. महाराष्ट्रात २०१८ च्या नियमांनुसार पवनवीज प्रकल्पांना दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून आगाऊ अंदाज द्यावा लागतो. मर्यादेपलीकडे चुकलं, तर पैसे भरावे लागतात.

इथे शिकणारं यंत्र कामाला येतं. हवामानाच्या गणितानं सांगितलेला वेग आणि चक्कीपाशी प्रत्यक्ष मोजलेला वेग, अशा हजारो जोड्या संगणकाला दाखवतात. या टेकडीशी गणित किती चुकतं, आषाढात किती, मार्गशीर्षात किती, हे तो त्यांतून शिकतो आणि पुढचा अंदाज दुरुस्त करतो. वॉकरांच्या कारकुनांचंच काम, फक्त फार वेगानं. मात्र जिथली नोंद नाही, तिथे हे यंत्रही चाचपडतं.

अब्बा झाडाचा शेंडा पाहून वारा सांगत. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. आज त्याच रानात वारा मिनिटामिनिटाला मोजला जातो. तो अंदाज वीज केंद्रात पोचतो, तसा पवनचक्कीखाली फवारणीचा पंप पाठीवर घेऊन, वारा कधी पडेल याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या फोनवरही पोचावा. वारा त्याच्याही रानातला आहे.