टेबलाच्या अलीकडून

कचेरीवर बेतलेल्या दोन विनोदी मालिका २००१ साली एकाच वर्षी सुरू झाल्या. इंग्लंडात बीबीसीवर 'द ऑफिस' आणि आपल्याकडे सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस'. नावं जवळपास सारखी, पण दोन्हींतला मुख्य नट टेबलाच्या वेगवेगळ्या बाजूला बसलेला. इंग्लंडातल्या मालिकेचा नायक साहेब आहे. कागद विकणाऱ्या कंपनीच्या एका शाखेचा हा प्रमुख, डेव्हिड ब्रेंट, आपण फार विनोदी आहोत या समजुतीत वावरतो. आपल्याकडच्या मालिकेतला मुसद्दीलाल कचेरीत नोकरीलाच नाही. तो काम घेऊन आलेला माणूस आहे. पंकज कपूर यांनी ही भूमिका सारा वेळ टेबलाच्या अलीकडे उभं राहून केली आणि साहेबपण, कारकुनी, शिपाईगिरी बाकीच्यांकडे गेली. हा फरक लेखकांच्या लहरीतून आलेला नाही. आपल्याकडे कचेरीचा विनोद नेहमी खालून वर पाहत आला आहे, एक तर अर्जदाराच्या जागेवरून, नाही तर सर्वांत खालच्या नोकराच्या जागेवरून. ही नजर दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीची आहे. ती कशी घडली हे पाहायला परभणीसारखा जिल्हा मुंबईपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. निजामाचा दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि जिल्ह्याच्या प्रमुखपदी तालुकदार बसवला. त्याच्या हाताखाली तहसीलदार, पेशकार, गिरदावर अशी उतरंड लागली. दरबाराची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावातलं कुलकर्ण्याचं दफ्तर मात्र मराठीत, मोडी लिपीत चालत राहिलं. त्यामुळे भाषेचा सांधा नेमका तालुक्याच्या कचेरीत बदलायचा. जिंतूरकडचा किंवा पालमकडचा शेतकरी आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगे, अर्जनवीस ते उर्दूत उतरवी, पेशकार साहेबांपुढे वाचून दाखवी, साहेब त्यावर उर्दूतच हुकूम फर्मावत आणि तो हुकूम काय झाला हे कळायला शेतकऱ्याला पुन्हा कुणाकडे तरी जावं लागे. म्हणजे ज्याचं काम, त्याच्याच कामातले शब्द त्याचे नव्हते. अर्जनवीस त्याच्यासाठी संवाद लिहायचा आणि त्याने फक्त हात जोडून उभं राहायचं. असा माणूस कचेरीचं नाटक लिहू लागला, तर ते साहेबाच्या मनात शिरून लिहिणार नाही. त्याला साहेबाचं मन दिसलेलंच नसतं. दिसलेली असते ती खुर्ची, खुर्चीचा रुबाब आणि खुर्चीपर्यंत पोचण्याआधी ओलांडावे लागणारे चार हात.

अशा नजरेला आविष्काराची रूपं मात्र आधीपासून तयार होती. पैठणहून वाहत येणारी गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या तालुक्यांतून पुढे जाते आणि तिच्या काठाकाठाने एकनाथांची भारुडंही आली. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे असताना एकनाथ हिशेबाचं काम पाहत, अशी परंपरा सांगते. सोळाव्या शतकातल्या या संताला कचेरीचा कागद जवळून माहीत होता हे त्याच्या रचनांवरून दिसतंच. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी ही सगळी सरकारी कागदांची नावं त्याने भारुडांना दिली. अर्जदस्तात शरीराचा परगणा झाला, जीव त्याचा शेखदार झाला आणि बुद्धी कारकून. 'जोहार' या भारुडांत बोलतो तो गावच्या सरकारी कामाच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा असलेला माणूस आणि मायबापापुढे गावच्या कारभाराचा पाढा तोच वाचतो. भारूड करणारा सोंग घेऊन उभा राहिला की श्रोत्यांना दुहेरी गंमत मिळते. अर्थ अध्यात्माचा असतो, पण हसू येतं ते ओळखीच्या कारकुनी भाषेला. गंगाखेडच्या जनाबाईने तर खुद्द विठ्ठलाला आपल्या जात्यावर दळायला बसवलं. तिथे विनोदाचा हेतू नाही, पण कामाच्या जागी धन्याला खाली आणून पाहण्याची रीत तीच. परभणीच्या राजाराम कदमांनी ज्या गोंधळाला मोठं नाव मिळवून दिलं, त्या गोंधळातही मुख्य कथेकऱ्याला मधे अडवून भाबडे प्रश्न विचारणारा साथीदार असतोच. मोठ्या आवाजात सांगणारा एक आणि खालच्या आवाजात शंका काढणारा दुसरा, ही जोडी पुढे कचेरीच्या विनोदाला आयती मिळाली.

तमाशाच्या वगाने ही रचना रंगमंचावर पक्की केली. राजा, प्रधान, शिपाई ही माणसांची नावं नाहीत, हुद्दे आहेत. नटाला आधी हुद्दा मिळतो, स्वभाव मागून येतो. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ च्या सुमारास गाजू लागलं. त्याचं कथानक सांगायचं तर अगदी आजच्या कचेरीचं आहे. कोतवालाची जागा रिकामी होते, ती आपल्याला मिळणार म्हणून हवालदार वाट पाहतो आणि प्रधान तिथे आपल्या मेहुण्याला बसवतो. रखडलेली बढती आणि वशिला यांवर सारा वग उभा आहे. दादा कोंडके यांनी केलेला हवालदार प्रेक्षकांना आपला वाटला, कारण तो सगळ्यांच्या खाली होता आणि सगळं त्याला दिसत होतं. वगातली कचेरी म्हणजे राजाचा दरबार, तिचा आधुनिक कार्यालयाशी संबंध काय, असा आक्षेप इथे येऊ शकतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकापुरता तो थोडाफार खरा आहे. मराठवाड्यात तो टिकत नाही. इथे १९६५ साली चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक प्रेक्षकाने राजाच्या नावाने निघणारे हुकूम स्वतः पाहिलेले होते. त्याच्यासाठी दरबार आणि कचेरी यांच्यात फक्त सतरा वर्षांचं अंतर होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठीत कारकुनाच्या बाजूने लिहिलेला विनोद भरपूर आहे, मग अर्जदाराची नजर प्रमुख कशी? चिं. वि. जोशींचा चिमणराव, पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून १९८८ साली दूरदर्शनवर आलेला 'वागले की दुनिया'मधला वागळे, हे सगळे नोकरदार पांढरपेशे. पण यांचा विनोद मुख्यतः कुठे घडतो हे पाहिलं पाहिजे. तो घरात, चाळीत, प्रवासात, लग्नकार्यात घडतो. कचेरीतून सुटल्यावर हा माणूस आपल्याला भेटतो. त्याच्या टेबलावरची फाइल क्वचितच उघडते आणि उघडलीच तर वर साहेबाचं दडपण असतं. म्हणजे इथेही नजर खालूनच आहे. 'गोलमाल'मध्ये (१९७९) अमोल पालेकरांचा रामप्रसाद मालकाच्या आवडीनिवडींप्रमाणे आपली मिशी, कपडे आणि सारा जीवनवृत्तांत बेततो. नोकरी टिकवण्यासाठी चेहरा बदलावा लागतो हे त्या चित्रपटाच्या विनोदाचं मूळ आहे. परभणीत या जगण्याचा दाखला कथेबाहेरही सापडतो. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ साली याच जिल्ह्यातल्या सातोन्याचा. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात ते कारकून होते. उर्दूत चालणाऱ्या कचेरीत दिवस काढून त्यांनी मराठीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, नोकरीत असतानाच ते गेले. साहेबांच्या जगात आणि आपल्या जगात एवढी फट असलेल्या माणसाकडून साहेबाला नायक करणारा विनोद यावा, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

आता नटांकडे वळू. कचेरीची भूमिका करणारे आपले कितीतरी नट स्वतः कचेरीत बसलेले होते. पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, वागळे साकारणारे अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत. हौशी रंगभूमी तर नोकरदारांच्याच बळावर उभी राहिली. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं उतरले ते शिक्षक, बँकवाले, सरकारी कर्मचारी. एसटी महामंडळ आणि वीज कंपनी यांच्या आपापल्या नाट्यस्पर्धा आहेत, कामगार कल्याण मंडळाची वेगळी, आणि महसूल खात्याच्या क्रीडा स्पर्धांना सांस्कृतिक कार्यक्रमांची जोड असते. दिवसा आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकणारा संध्याकाळी तालमीला उभा राहतो. त्याला भूमिका समजावून सांगावी लागत नाही. साहेब बेल वाजवतो तेव्हा शिपाई किती सेकंदांनी उठतो, सहीसाठी फाइल पुढे करताना कोणता कागद वर ठेवतो, 'उद्या या' म्हणताना नजर कुठे वळवतो, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. अशा नटाला आपल्या भूमिकेविषयी बोलायला सांगितलं, तर तो मनोविश्लेषण करत बसत नाही, एखादी लकब करून दाखवतो. 'ऑफिस ऑफिस'ची रचना नेमकी याच समजुतीवर उभी आहे. दर भागात खातं बदलायचं, नट मात्र तेच राहायचे. मनोज पाहवांचा भाटिया खातच असायचा, संजय मिश्रांचा शुक्ला पान चघळायचा, देवेन भोजानींचा पटेल 'दो बातें' सांगायचा, आसावरी जोशींच्या उषाजी आपल्याच तंद्रीत असायच्या. खातं कुठलंही असो, माणूस तोच भेटतो, हा अर्जदाराचा अनुभव तिथे पात्ररचनेचा नियम झाला. वगातला शिपाई दर वगात शिपाईच राहतो, त्याचंच हे पुढचं रूप.

मालिका मुंबईत बनतात, मुंबईचे लोक त्या लिहितात, मग त्यांचं मूळ परभणीत शोधणं ओढूनताणून नाही का, असंही विचारता येईल. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, पण दूरचित्रवाणीचा पडदा जिल्ह्यातल्या घराघरांत दिसायला पुढे बराच काळ गेला. हे मान्य करूनही मुद्दा बदलत नाही. दावा मालकीचा नाही, घडणीचा आहे. मुंबईतल्या लेखकाने आणि नटाने जे रूप उचललं ते गावोगावच्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि भारूड-वगाच्या फडात घडलेलं होतं. अलीकडच्या मराठी मालिकांनी मात्र ही वाट बरीचशी सोडली. आता मालिकेत ऑफिस येतं ते काचेच्या भिंतींचं आणि त्याचा उपयोग मुख्यतः नायक-नायिकेच्या भेटीपुरता. परभणीचे संकर्षण कऱ्हाडे यांनी 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये नायकाच्या मित्राची, समीरची, हसतीखेळती भूमिका केली. त्या ऑफिसात काम घेऊन आलेला परका माणूस दारात उभा नसतो. हा विनोद मालकाच्या घरोब्यातला आहे, टेबलाच्या पलीकडचा. चांगल्या नटाला तिथेही वाव मिळतो, पण खालून पाहणारी नजर तिथे लागत नाही आणि विनोदाची धार त्या प्रमाणात कमी होते.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे. साहेबाला हसून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात उभं राहायचं, याने काय साधलं? हसल्याने व्यवस्था बदलत नाही हे खरंच. ती बदलली ती १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभारात आणलं तेव्हा, २००५ च्या माहिती अधिकाराने फाइल उघडली तेव्हा, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कामाला मुदत घातली तेव्हा. विनोदाचं काम याहून वेगळं आहे. कचेरीत आपलं काम अडलं यात आपला दोष नाही, अडवणुकीची एक ठरलेली पद्धत आहे, एवढं तो अर्जदाराला दाखवून देतो. ते एकदा दिसलं की माणूस लाजत नाही, विचारायला लागतो. २०११ च्या 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' या चित्रपटात निवृत्त शिक्षकाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला निघालेल्या कुठल्याही निवृत्तिवेतनधारकाला त्यातली अतिशयोक्ती फारशी वाटणार नाही.

आज ते टेबल बरंचसं हललं आहे. अर्ज ऑनलाइन जातो, अंगठा यंत्रावर उमटतो, उत्तर मोबाइलवर येतं आणि अर्जनवीसाच्या जागी महा-ई-सेवा केंद्राचा चालक बसला आहे. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं सेलूच्या किंवा मानवतच्या म्हाताऱ्याला तितकीच परकी, जितकी त्याच्या आजोबाला उर्दू अक्षरं होती. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य 'साहेब दौऱ्यावर आहेत' या वाक्याच्या जागी आलं. म्हणजे विनोदाला लागणारं सगळं साहित्य जागच्या जागी आहे आणि ते अंगात मुरवलेले हौशी नट जिल्ह्याच्या ठिकाणी आजही तालमी करत आहेत. मराठीत कचेरीवरची पुढची चांगली मालिका यायची असेल, तर लेखकांनी काचेच्या भिंतींतून बाहेर पडून एखाद्या तहसीलच्या आवारात चार दिवस बसावं आणि भूमिका तिथल्या माणसांना द्याव्यात.